गोदाबाईची लाथ

उंबरठ्यावर पालथ्या पडलेल्या माणसाला लाथ हाणायची तर आधी देवाचं नाव घ्यावं लागतं, आणि गोदाबाईनं ते कधी चुकवलं नाही. "विठ्ठल" म्हणावं, पदर खोचावा, उजवा पाय उचलावा आणि टाच कमरेच्या खळग्यात अशी उतरवावी की खालच्याच्या छातीतला वारा तोंडावाटे बाहेर पडला पाहिजे. हळू मारली तर गुण येत नाही. दया करायची ती मागाहून, तेल चोळताना.

गोदाबाई पायाळू होती. सगळं जग डोक्याकडून जन्माला येतं, ही पायाकडून आली. सुईण म्हणाली होती, "पोट्टी लाथा झाडतच आली व माय!" पायाळूच्या पायाला गुण असतो हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. लहानपणी ढग गडगडले की आई तिला वावरातून ओढत घरात आणी, कारण पायाळूवर वीज लवकर पडते. आणि कुणाची पाठ धरली, कुणाला उसण भरली, की तीच आई तिला ताटावरून उठवून उंबऱ्यावर उभी करी. परकर सावरत ती चिमुरडी मोठमोठ्या बाप्यांना लाथा घाली आणि ते बापे उठून तिच्याच पाया पडत. असा मान मिळाल्यावर माणसाच्या मनात दुसरं काय येणार? गोदाबाईनं लाथेचं कधी काही घेतलं नाही. कुणी नारळ आणलाच तर तो देवापुढे. "पाय माहा, गुन त्याचा," म्हणायची आणि त्या देवाकडे पाहून खरोखर डोळे पुसायची.

तिवश्याच्या अलीकडे तिचं झेंडू-शेवंतीचं वावर. नवरा केव्हाच गेला होता. घरात एकुलता किशोर, आणि किशोरची बायको प्रतीक्षा. अन् आता वर्ष होत आलं, त्या उंबरठ्यावर रोज सकाळी कोण पालथं पडत होतं? घरचीच सून.

प्रतीक्षाचं दुखणं मोठं चमत्कारिक. पहाटे तिला अंथरुणातून उठता येत नसे. कुशीवर वळायचं, बाजेची कड धरायची, एक पाय खाली सोडायचा, मग दुसरा; आणि उभी राहिली तरी कंबर अशी आखडलेली की तरणीताठी पोर ऐंशीच्या म्हातारीसारखी भिंत धरून चाले. कमरेत आणि खाली खुब्यात कुणी तापली सळई फिरवतंय असं ती सांगायची. आज डाव्या खुब्यात, तर आठवड्यानं उजव्या. आणि ऊन चढलं की? ऊन चढलं की तीच पोर ताठ उभी राहून झेंडूची गाठोडी उचलायची.

फुलं पहाटे तोडावी लागतात. अमरावतीच्या बाजाराचा टेम्पो कुणासाठी थांबत नाही. म्हणजे कामाच्या वेळी दुखणं आणि काम सरल्यावर बरं! शेजारच्या बाया पदराआड हसत. "तुह्या सुनेच्या कमरेले घड्याळ लावलं हाये का व गोदाबाई?"

किशोर हसत नसे. त्यानं तिला तिवश्याच्या एका डॉक्टरकडे नेलं होतं. कमरेचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. गोळ्या दिल्या, गोळ्या होत्या तोवर पोर हरणासारखी हिंडली, संपल्या तशी पुन्हा आखडली.

"फोटोत काई नाई म्हनजे काई नाई," किशोर म्हणाला. "सकाळी म्हातारी, दुपारी पोरगी. नाटक आहे सारं. माय, तुले सांगून ठेवतो, दिवाळीपर्यंत सरळ झाली तं ठीक, नाईतं तेल्हाऱ्याले भावाच्या दारात नेऊन घालतो. मंग बसजो म्हना तेथी झोपून."

गोदाबाईला हे मानवेना, कारण ही सून तिनं स्वतः निवडली होती. तेल्हाऱ्याकडे बहिणीच्या गावी ती कीर्तन ऐकायला गेली होती. बायकांच्या घोळक्यातून एक पोरगी अभंगाचं ध्रुपद असं मोकळ्या गळ्यानं उचलून धरत होती की बुवांनी मृदंग थांबवून तिला एकटीला म्हणायला लावलं. गोदाबाई गेली होती कीर्तनाला आणि आली ती मनात सून घेऊन. त्या घरात खटकलं ते एकच, पोरीचा भाऊ मनोज. लग्नात सगळे थोरामोठ्यांच्या पाया पडत होते, हा उभा. मान हलवेना, कंबर वाकवेना. कुणी हाक मारली तर मान न वळवता अख्खं अंग वळवून पाहायचा, जसा काही कलेक्टर. वऱ्हाडी मंडळींनी तेव्हाच त्याचं नाव 'ताठेबुवा' ठेवलं आणि किशोरनं ते मनात ठेवलं.

तर आता सुनेचा संसार गोदाबाईच्या टाचेवर आला होता. ती बरी झाली तर या घरात राहील, नाहीतर कायमची जाईल. मग गोदाबाईनं काय करावं? पाय होता, देव होता. तिनं जोर वाढवला.

"पड माय," ती म्हणायची. प्रतीक्षा उंबरठ्यावर पालथी पडायची, पदराचा बोळा तोंडात धरायची. "विठ्ठल!" आणि टाच बसायची. पहिल्या लाथेला पोर कण्हायची, दुसरीला तिची नखं चौकटीच्या लाकडात रुतायची, तिसरीला बोळ्यातून अशी किंकाळी यायची की गोठ्यातली गाय कान टवकारायची. गोदाबाईचे डोळे भरून यायचे. "सोस माय, सोस. कडू औषद गोड होत नाई." मग ती पोर वावरात जायची, वाकून फुलं तोडायची, सरीसरीतून हिंडायची आणि ऊन डोक्यावर येईतो तिचा मणका मोकळा व्हायचा.

"पाय, गुन आला का नाई?"

"आला, आई," प्रतीक्षा म्हणायची. आणखी काय म्हणणार?

मधे दोनदा तिचा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. गोदाबाईनं गुलाबपाणी घातलं. फुलांच्या धुळीनं होतं, असं सगळेच म्हणाले.

शेजारच्या गावात सप्ता बसला. काल्याच्या आदल्या दिवशी नावाजलेल्या बुवांचं कीर्तन होतं. गोदाबाई ओळखीच्या माणिकबाईकडे मुक्कामाला गेली. बुवांनी भृगू ऋषीची कथा लावली. ऋषी वैकुंठात शिरतो, झोपलेल्या देवाच्या छातीवर सणसणीत लाथ घालतो, आणि देव काय करतो? देव उठतो, तोच पाय मांडीवर घेतो, चेपतो, म्हणतो, माझी छाती दगडाची, तुमच्या पायाला लागलं तर नाही? "लाथ खाऊन जो विचारतो, तो देव!" बुवा म्हणाले आणि टाळ असे कडाडले की मंडपाच्या कनातीही हलल्या. गोदाबाई ढसाढसा रडली. माणिकबाईनं तिच्या उजव्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला. गोदाबाईनं लावू दिला.

दुसऱ्या दिवशी काल्याचा प्रसाद पदरात बांधून ती दुपारी वावरात पोचली. प्रतीक्षा शेवंतीच्या सरीत होती. ताठ, चांगली मोकळी. गोदाबाईच्या पोटात आनंद मावेना.

"काव, आज कोनं उठवलं तुले? आज तं मी नव्हती."

प्रतीक्षा तोंड फिरवून म्हणाली, "त्यायनं."

"किशोरनं? काय केलं त्यानं?"

पोरीनं इकडे तिकडे पाहिलं. मग लुगड्याची कड कमरेवरून जराशी खाली केली. खुब्याच्या हाडावर काळानिळा डाग होता, बुटाच्या टाचेचा. टाचेखालची नक्षीसुद्धा कातडीवर उमटलेली. तिचा खालचा ओठ फाटून वाळला होता.

"उठता नाई आलं मले. तर ओढत उंबऱ्यावर नेलं. माय नाई तं काय झालं, लाथ ते लाथच असते, म्हने. एक नाई आई, मले मोजता नाई आल्या."

गोदाबाईच्या पदरातली लाह्या-दह्याची गाठ सुटली आणि प्रसाद मातीत सांडला. तिनं तो उचलला नाही.

किशोर विहिरीवर मोटारीचा फुटका पाईप बांधत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बुटानं मारलं तू तिले?"

"तूच तं शिकवलं."

"मी देवाचं नाव घेऊन मारते बे!"

"तू मारली तं आशीर्वाद अन् मी मारली तं पाप?" किशोरनं पाईप खाली टाकला. "उठली ना? फुलं तोडली ना? तुह्या लाथेनं होते तेच माह्या लाथेनं झालं. मंग फरक काय, सांग मले."

किशोर पायाळू नव्हता. तो डोक्याकडून आला होता; हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक? तरी गुण आला होता. एवढी वर्षं जो पाय देवाचा म्हणून मिरवला, त्याच्यात आणि या बुटात फरक काय, हा प्रश्न तिच्या अंगावर गोमेसारखा चढला.

दुसऱ्या सकाळी तिनं प्रतीक्षाला उंबरठ्यावर पडू दिलं नाही आणि किशोरला दारात येऊ दिलं नाही. "आज कोनी मारनार नाई. चाल माह्यासंगं." पोर भिंत धरून उठली, रडत रडत अंगणात चालली, मग वावराच्या बांधावरून. उन्हं वर आली. गोदाबाई तिच्या पाठीकडे टक लावून पाहत होती. जसजसं चालणं झालं तसतशी ती पाठ उकलत गेली, आणि जेवणवेळेपर्यंत सून सरळ उभी होती. लाथेविना.

गोदाबाई बांधावरच खाली बसली. म्हणजे इतके दिवस आपण पोरीला... पुढचं तिला मनातही म्हणवेना.

प्रतीक्षानं त्या डागाचा फोटो भावाला मोबाईलवर पाठवला होता. मनोज सकाळच्या गाडीनं निघाला आणि ऊन कलताना अंगणात उभा राहिला. ताठ, नेहमीसारखा, मान समोर. रामराम नाही, पाणी नाही. अंगणात बैलबंडी सोडून ठेवली होती. त्यानं तिची एक उभारी उपसली. बाभळीचा हातभर जाडजूड दांडा तो.

"कुठं हाये थो?"

"बाबू, थांब, मी... मी सांगते तुले," गोदाबाईची जीभ अडखळली.

"मावशी, तुमी बाजूले व्हा. तुमचंही आयकलं हाये मी."

किशोर घरातून बाहेर आला. "या साळेबुवा! वाकता येते का आज? पाया पडा उलसे, मंग बोलू."

उभारी किशोरच्या खांद्यावर उतरली. हाड वाजल्याचा आवाज गोदाबाईनं ऐकला. दुसरा घाव त्यानं हातावर झेलला, तिसऱ्याला कपाळ फुटलं आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. किशोर बैलासारखा डरकला. त्यानं खाली घुसून मनोजच्या पोटात डोकं घातलं आणि दोन्ही हातांनी त्याला मागे लोटलं. दुसरा कुणी असता तर गडगडला असता, बसला असता, हात टेकले असते. मनोज ओंडक्यासारखा गेला. अंग कुठंच मोडलं नाही, वाकलं नाही. तसाच्या तसा आडवा झाला आणि त्याची पाठ हौदाच्या सिमेंटच्या काठावर आपटली.

तो आवाज वाळली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा होता.

"ऊठ ना बे ताठ्या!" किशोरला डोळ्यातलं रक्त पुसायचं भान नव्हतं. त्यानं पडलेल्या मनोजच्या बरगडीत लाथ घातली. मग मांडीत. प्रतीक्षा किंचाळत धावली, त्यानं तिला कोपरानं उडवलं. त्यानं पुन्हा पाय उचलला तेव्हा गोदाबाई मनोजच्या अंगावर पालथी पडली.

लाथ तिच्या कमरेत बसली.

आयुष्यभर तिनं ही जागा वरून पाहिली होती. किती वेळा पाहिली असेल, देवालाच ठाऊक. खालून लाथ दिसतच नाही. दिसते फक्त माती. तोंडातला वारा निघून गेला, डोळ्यांपुढे काळोखी आली आणि आत कुठंतरी दूर, लहान पोर रडावं तसा आपलाच आवाज तिला ऐकू आला. विठ्ठलाचं नाव काही आठवलं नाही.

"माय?" वरून किशोर म्हणाला. त्याचा पाय अजून अधांतरीच होता.

फुलांचा टेम्पो आणला. बाजेसकट मनोजला वर चढवलं. त्याच्या पायाच्या बोटांत मुंग्या येत होत्या, श्वास घेतला तरी तो ओरडत होता. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात त्याला लाकडी फळीवर घेतलं, तेव्हा हाडांच्या डॉक्टर प्रियदर्शनी तायडे यांनी एक गोष्ट पाहिली: पाठ फळीला टेकली होती, पण डोकं टेकत नव्हतं. मान पुढे, हवेत, तशीच राहिलेली.

"थांबा, जबरदस्तीनं दाबू नका," त्या मदतनिसांना म्हणाल्या आणि स्वतः चादरीची घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकवली. मग त्याला विचारलं, "मान कधीपासून अशी आहे दादा?"

"पाच-सात वर्सं झाली असतीन. वळतच नाई. लोकं म्हनते अकड हाये."

दुसऱ्या सकाळी फोटो हाती आला. डॉक्टरबाईंनी तो उजेडापुढे धरून प्रतीक्षाला आणि गोदाबाईला जवळ बोलावलं. "हे पाहा. माणसाचा मणका म्हणजे सुट्या मण्यांची माळ असते. ह्यांचे मणी एकमेकांना जुळून गेलेत, आख्ख्या पाठीचा एकच बांबू झालाय. बांबू वाकत नाही, तुटतो. इथे तुटलाय. नस वाचली आहे, ऑपरेशन करून सळ्या घालू, चालतील ते. पण वाकणं आता ह्यांच्या नशिबात नाही."

गोदाबाईला लग्नाचा मांडव दिसला. पाया न पडणारा तो पोर आणि त्याला हसणारे आपण सगळे. तिनं पदर तोंडाला लावला.

प्रतीक्षा बाकावरून उठत होती. रात्रभर आणि सकाळभर बसून काढली होती. ती एका हातानं भिंत, एका हातानं गुडघा धरून, टप्प्याटप्प्यानं उभी झाली. डॉक्टरबाई बोलता बोलता थांबल्या.

"तुम्ही बहीण ना यांच्या? कंबर दुखते?"

"हो."

"सकाळी जास्त का सांजच्याला?"

"सकाळी. उठताच येत नाई. चाललं-फिरलं की मोकळं होते."

"पहाटेला दुखण्यानं जाग येते? खुबा कधी हा, कधी तो? डोळा कधी लाल झाला होता?"

प्रत्येक प्रश्नाला प्रतीक्षा मान हलवत गेली आणि मान हलवता हलवता रडू लागली. वर्षभरात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं; सगळ्यांनी तिला सांगितलंच होतं.

"आमच्या बाबाची पाठही अशीच वाकून थिजली होती," ती म्हणाली. "आमाले वाटे, कामानं."

रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या मशीनवर कमरेचा फोटो झाला. मणका जिथे खुब्याच्या हाडांना मिळतो, तिथल्या दोन्ही सांध्यांत सूज होती. काळ्या चित्रात दोन पांढरे निखारे दिसावेत तशी. साध्या फोटोत ती सुरुवातीला दिसतच नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. अंगाचं रक्षण करणारं बळ आपल्याच सांध्यांवर उलटतं. हा संधिवातातला एक प्रकार, घराण्यात चालतो, ऐन तारुण्यात सुरू होतो. बसून राहिलं की वाढतो, हालचालीनं उतरतो. भावाचा ओळखला गेला नाही म्हणून बांबू झाला. हिचा वेळेवर सापडला आहे. औषधं, रोजचा व्यायाम, गरज पडली तर इंजेक्शनं. पाठ वाचेल.

"नाटक नाई ना मंग?" प्रतीक्षानं विचारलं. त्या एका प्रश्नासाठीच जणू ती इथवर आली होती.

"नाटक? बाई, तुम्ही एवढ्या दुखण्यात फुलं तोडत होत्या, हे मला खरं वाटत नाहीये. आणि तपासताना खुब्यावर डाग दिसला, तो कसला?"

मग गोदाबाईच बोलली. पायाळू म्हणजे काय, उंबरठा म्हणजे काय, सगळं. डॉक्टरबाई अमरावतीच्याच, त्यांना सांगावं लागलं नसतं, तरी त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"मले एकच सांगा बाई. माह्या पायानं तिले उलसाही आराम..."

"पाय लावला नसता तरी दुपारपर्यंत ती मोकळी झाली असती, आजी. आजाराची रीतच तशी आहे." त्यांनी मनोजच्या फोटोकडे बोट केलं. "आणि तिचाही मणका भावासारखा जुळला असता, तर तुमच्या एका लाथेत काय झालं असतं, तो फोटो तुम्ही पाहिलाच आहे."

गोदाबाईनं तो पुन्हा मागून घेतला. तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं.

मारामारीची केस म्हणून दवाखान्यातून चौकीला कळवलं गेलं. हवालदार सूर्यभान वऱ्हांड्यात खुर्ची घेऊन बसले. किशोरही आला, हात गळ्यात बांधलेला, कपाळाला पट्टी. त्यानं प्रतीक्षाशी गोड बोलून पाहिलं. "दुखनं खरं निघालं ना? मंग झालं तं. आता कोन म्हनते नाटक? चाल घरी, गोळ्या खाय, कामाले लाग." मग आईला कोपऱ्यात घेतलं. "माय, सांगजो की पाय घसरून पडला हौदावर. साळाही तसंच म्हनन, बहिनीच्या संसाराचा सवाल हाये. तू म्हातारी मानूस, तुह्या शब्दावर कोनी शंका नाई घेनार."

प्रतीक्षा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिनं सासूकडे पाहिलं नाही. डोळे खाली, हात मांडीवर. ती काही मागत नव्हती, आणि गोदाबाईला तेच सहन होईना. पोरीच्या दुखण्याचं मूळ सापडलं होतं, पण ती परत जाणार होती त्याच उंबरठ्यावर. तिथे काय होतं ते कोणत्याच मशीनच्या फोटोत आलं नव्हतं. ते फक्त दोघातिघांना ठाऊक होतं.

"बसा गोदामाय," हवालदार अदबीनं उठले. "तुमाले कोन ओळखत नाई? बोला, कसा पडला हा पोरगा?"

"माह्या पोरानं पाडला," गोदाबाई म्हणाली. "भांडन त्यानं उकरलं नाई, उभारी पाहुण्यानं उचलली, थेही लिहा. पन पडल्यावर लाथा माह्या पोरानं मारल्या. मलेही बसली."

"माय!"

"अन् ह्या पोरीच्या खुब्यावर बुटाची लाथ हाये, थेही त्याचीच. डाक्टरबाईनं पाहिली हाये."

"गोदामाय, पोटचा पोरगा हाये तुमचा. विचार करून बोला."

"विचार करूनच बोलून राहिली. अजून हाये. लिहा, त्याच्या अगोदर वरीसभर, रोज सकाळी, मी."

सूर्यभान हवालदारांनी पेन खाली ठेवला आणि हसले. "थे काय लिहाचं बाप्पा? थे तं औषद होय! माही सोताची उसन तुमच्याच लाथेनं गेल्ती. इसरले का?"

"गेली असन. आपसूक जानारच होती."

"असं कसं म्हनता? लोकं श्रद्धेनं येते तुमच्यापाशी..."

"मीही श्रद्धेनंच मारली. तिच्या तोंडातला बोळा काढून इचारा तिले, श्रद्धेची लाथ कमी लागते का?" गोदाबाईचा आवाज चिरकला; वऱ्हांड्यातली माणसं वळून पाहू लागली. "ह्यानं पायलं माह्याकडे अन् पाय उचलला. मी नसती शिकवलं तं ह्याले सुचलं असतं का नाई, देव जाने. लिहा तुमी. कायद्यात बसत नसन तं खोडजो मागून, पन आधी लिहा."

"भैताडली बुढी," किशोर दातओठ खात म्हणाला. त्याची मूठ वळली होती. हवालदारांचं लक्ष त्या मुठीवर गेलं, आणि हसू मावळलं. त्यांनी पेन उचलला.

"बसा इकडे, साहेब," ते किशोरला म्हणाले. "तुमचंही आयकू. सवडीनं आयकू."

तेवढ्यात प्रतीक्षा बाकावरून उठली. दर थोड्या वेळानं उठून चालायचं, बसून राहायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. तिनं भिंतीला हात लावला.

"तू कुठं चालली?" किशोर खेकसला.

"चालाले."

"अन् घरी?"

ती वऱ्हांड्यातून पुढे गेली, आधी भिंत धरून, मग भिंत सोडून, भाऊ होता त्या वॉर्डाच्या दाराकडे. गोदाबाईला वाटलं, जावं, हात द्यावा, कमरेला तेल चोळावं. पण ज्या कमरेला हात लावायचा, तिनं बोलावल्याशिवाय तो लावायचा हक्क आता आपल्याला उरला नाही, हे तिला कळत होतं. ती खुर्चीतच बसून राहिली.

"नाव सांगा पूर्न," हवालदार म्हणाले.

तिनं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गाव सांगितलं. मग पदर सावरला आणि पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.